जे निघून गेले, त्यांना कोणी विचारलं?

रात्रीचे अडीच वाजून गेले होते. छातीत धडधडत होतं, झोपेचा पत्ता नव्हता आणि मी फोन हातात धरून श्वासाचा व्यायाम करत होते. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. स्क्रीनवरचं निळं वर्तुळ फुगायचं, आकसायचं. सातव्या-आठव्या फेरीला खांदे जरा सैल पडले. व्यायाम संपला आणि वर्तुळाच्या जागी एक चौकोन आला. 'तुम्हाला आमचं ॲप आवडतंय का? रेटिंग द्या.' खाली पाच स्टार. मी पाचवा स्टार दाबला. पाच दिले की चौकोन जातो आणि कमी दिले की 'काय आवडलं नाही ते सांगा' असं विचारणारा दुसरा चौकोन येतो, हे तोवर मला अनुभवाने कळलं होतं.

ते पाच स्टार कुठल्यातरी सरासरीत जाऊन बसले असतील. कुणीतरी ती सरासरी बघून समाधानाने मान डोलावली असेल. मला त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, की आता मला झोपू द्या.

मनाच्या आरोग्यासाठीची अशी ॲप मी गेली काही वर्षं वापरते आहे आणि त्यांचा मला उपयोग झालेला आहे, हे आधीच सांगते. समुपदेशकाकडे जायची हिंमत होत नव्हती तेव्हा पहिल्यांदा मनातलं काही लिहून काढलं ते ॲपमध्येच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात सुमारे ९७ कोटी लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगत होते, म्हणजे दर आठांमागे एक. एवढ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ कुठल्याच देशात नाहीत. मधल्या मोठ्या पोकळीत खिशातलं ॲप हा अनेकांचा पहिला आधार असतो, काहींचा तर एकमेव. म्हणून ही ॲप चांगली असायला हवीत, आणि आहेत त्यापेक्षा खूप चांगली व्हायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' हे वाक्य प्रत्येक ॲपमध्ये सापडतं. पण अभिप्राय कोणाचा, कोणत्या वेळी घेतलेला, आणि त्याचं पुढे काय झालं? माझं म्हणणं असं आहे की मनाच्या आरोग्यासाठीचं ॲप सुधारायचं असेल तर ज्यांना ते लागू पडलं नाही, ज्यांना त्याचा त्रास झाला आणि जे काही न बोलता निघून गेले, त्यांचं ऐकणं सर्वांत आधी यायला हवं. त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत पोहोचेल अशी वाट तयार करणं ही ॲप बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे. ती वापरणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

निघून जाणारे किती असतात? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याच्या ९३ अँड्रॉइड ॲपचा प्रत्यक्ष वापर तपासला होता. ही सगळी किमान दहा हजार वेळा डाउनलोड झालेली, म्हणजे बऱ्यापैकी चाललेली ॲप. सगळी ॲप क्रमाने लावली तर बरोबर मधोमध येणाऱ्या ॲपचा आकडा असा होता, की पंधराव्या दिवशी ३.९ टक्के आणि तिसाव्या दिवशी ३.३ टक्के लोक ते उघडत होते. शंभर जणांनी आशेने ॲप घेतलं आणि महिन्याने तीन-चार जण उरले. बाकीचे सगळे नाराज होऊन गेले असं म्हणणं चुकीचं होईल. कुणी नुसतं डोकावून गेलं असेल. कुणाला दोन दिवसांत हवं ते मिळालं असेल आणि त्याचं काम झालं असेल. पण कोण बरं होऊन गेलं आणि कोण हताश होऊन गेलं, हे ॲप चालवणाऱ्यांना कळत नाही, कारण दोघंही सारखेच गप्प असतात. मग सुधारणा ठरते ती उरलेल्या तिघा-चौघांना विचारून. त्यांना गडद रंगाची थीम हवी असते, आणखी काही ध्वनी हवे असतात. ते येतात आणि नव्या अपडेटची घोषणा होते.

गप्प राहण्याचं कारण दुखण्यातच आहे, आणि मला वाटतं हा मुद्दा ॲप बनवणाऱ्यांच्या लक्षात फार कमी येतो. तिकिटाचं किंवा बँकेचं ॲप बिघडलं तर माणूस चिडतो. चिडलेला माणूस लिहितो, एक स्टार देतो, चार शब्द सुनावतो. ती चीडच त्या ॲपला सुधारते. उदासीने ग्रासलेल्या माणसाचं तसं नसतं. उपाय लागू पडला नाही तर तो उपायाला दोष देत नाही, स्वतःला देतो. 'इतक्या जणांना याचा फायदा झाला, मलाच जमलं नाही' हा विचार त्याच्याकडे आधीपासून तयार असतो, त्याला फक्त एक नवं निमित्त मिळतं. तक्रार करायला आपली बाजू बरोबर असू शकते एवढा तरी विश्वास लागतो. नेमका तोच त्या दिवसांत जागेवर नसतो.

माझंच सांगते. एका ॲपमध्ये मी रोज मूड नोंदवायचे. एकोणीस दिवस सलग नोंदवला. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी ज्योत होती आणि तिच्याशेजारी १९ हा आकडा. मग चार दिवस असे आले की मी अंथरुणातून उठले ती फक्त पाणी प्यायला. पाचव्या दिवशी, म्हणजे जरा उजाडल्यासारखं वाटलं त्या दिवशी, ॲप उघडलं. ज्योत करडी झाली होती, शेजारी शून्य होतं आणि खाली लिहिलं होतं, 'तुमची स्ट्रीक तुटली! पुन्हा सुरुवात करा.' ज्या चार दिवसांत मला ॲपची सर्वाधिक गरज होती त्या चार दिवसांचा हिशेब ॲपने माझी गैरहजेरी म्हणून मांडला होता. मी ॲप काढून टाकलं. कारण विचारलं नाही कुणी, आणि मीही सांगितलं नाही. त्या क्षणी मला ॲपचा राग आलाच नव्हता. मला माझी लाज वाटली होती. ॲपच्या मांडणीत चूक होती हे कळायला पुढे कित्येक महिने गेले.

त्यांच्या नोंदींत मी कशी दिसले असेन? एकोणीस दिवस नियमित वापर, नंतर वापर बंद. कुणी म्हणेल, स्ट्रीकमुळे एकोणीस दिवस तरी टिकली, म्हणजे स्ट्रीक चांगली आहे.

माणसाची अवस्था बिघडते आहे हे ओळखणं तज्ज्ञांनाही सोपं जात नाही, मग नुसत्या ॲपला ते आपोआप कळेल ही अपेक्षाच चुकीची. २००५ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची स्थिती उपचारांच्या शेवटी आधीपेक्षा वाईट असेल, याचा अंदाज समुपदेशकांना करायला सांगितला होता. सुमारे ५५० जणांपैकी ४० जणांची स्थिती प्रत्यक्षात बिघडली. समुपदेशकांनी बोट ठेवलं होतं फक्त तिघांवर, आणि त्यांतला एकच अंदाज खरा निघाला. हे प्रशिक्षित, समोरासमोर बसणारे, डोळ्यांत बघून बोलणारे लोक होते. या अभ्यासात सहभागी असलेले मानसशास्त्रज्ञ मायकल लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला मार्ग साधा होता. प्रत्येक भेटीच्या आधी येणाऱ्याकडून एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची, आणि त्याची वाटचाल अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेला जाताना दिसली तर समुपदेशकाला लगेच सावध करायचं. असं सावध केल्यावर घसरणीला लागलेल्यांचे परिणाम सुधारतात, हे त्यांच्या चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं. ॲपला तर समोरच्याचा चेहराही दिसत नाही. त्याला विचारण्याशिवाय गत्यंतर नाही.

गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगते, की ही विचारण्याची रीत या ॲपच्या मुळातच आहे. आज बाजारात असलेली बहुतेक स्वमदत ॲप ज्या सीबीटी पद्धतीवर, म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी बदलून मनावर उपचार करण्याच्या पद्धतीवर उभी आहेत, तिची पायाभरणी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात केली. त्या पद्धतीत प्रत्येक भेटीच्या शेवटी समोरच्याचा अभिप्राय घेणं हा उपचाराचाच भाग मानला जातो. आज काही खटकलं का, मी काही चुकीचं समजून घेतलं का, पुढच्या वेळी काही वेगळं करायला हवं का, हे उपचार करणारा विचारतो आणि उत्तर ऐकून स्वतःत बदल करतो. ॲप बनवणाऱ्यांनी त्या पद्धतीतले तक्ते उचलले, व्यायाम उचलले, 'विचारांची नोंद' उचलली. ही शेवटची पाच मिनिटं मात्र वगळली आणि त्या जागी दुकानातला रेटिंगचा चौकोन आणून ठेवला. 'मी काही चुकीचं समजलो का?' या प्रश्नात माणसाला जागा आहे. 'आम्ही आवडलो का?' या प्रश्नात ती नाही.

आवडणं आणि उपयोगी पडणं यांत इतर कुठल्याही ॲपपेक्षा इथे जास्त अंतर असतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. विचारांची नोंद करायची म्हणजे काय, तर मनात आलेला बोचरा विचार जसाच्या तसा लिहायचा, तो खरा मानायला पुरावा काय आणि खोटा मानायला काय ते लिहायचं, मग त्याच गोष्टीकडे बघण्याची दुसरी एखादी रीत शोधायची. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा रडले. जे इतके दिवस धूसर होतं ते काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत समोर आलं होतं. त्या मिनिटाला कुणी विचारलं असतं तर मी एक स्टार दिला असता. दोन आठवड्यांनी तोच विचार आला तेव्हा मी त्याला ओळखलं आणि तो आला तसा गेला. भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, मन नको म्हणत असताना ठरवलेलं एखादं छोटं काम करणं, हे सगळे उपाय त्या वेळी कडूच लागतात. याउलट पावसाचा आवाज सगळ्यांना आवडतो, त्याला नेहमी पाच स्टार मिळतात. लगेच मिळालेल्या पसंतीवर ॲप घडवत गेलं तर एकेक कठीण पण खरं काम करणारा व्यायाम मागे पडत जाईल आणि शेवटी पावसाचा आवाज तेवढा उरेल.

यावर कुणी म्हणेल, मग वापरणाऱ्यांचं ऐकूच नका, तज्ज्ञांना ठरवू द्या. मला हे अजिबात पटत नाही. कठीण गेलेला व्यायाम आणि इजा करणारा व्यायाम यांतला फरक बाहेरून दिसत नाही, तो ज्याच्यावर बेतलं तोच सांगू शकतो. फक्त त्याला योग्य वेळी, योग्य प्रश्न विचारायला हवा. लगेच विचारायचं ते एवढंच, 'आत्ता आधीपेक्षा कसं वाटतंय?' आणि दोन-तीन दिवसांनी, 'त्या दिवशी कठीण गेलं म्हणाला होता. नंतर काय झालं?' ज्यांचं उत्तर दोन्ही वेळा 'वाईट' असं आलं त्यांच्यासाठी तो व्यायाम बाजूला ठेवायचा आणि तसं का झालं ते शोधायचं.

हे करता येतं याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या विभागाने २०११ मध्ये 'पीटीएसडी कोच' हे मोफत ॲप काढलं. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहणारा आघात. त्यात एखादा उपाय सुरू करण्यापूर्वी आपला त्रास ० ते १० च्या मापावर दाखवायचा आणि उपाय झाल्यावर पुन्हा दाखवायचा. त्रास कमी झाला नसेल तर ॲप दुसरा उपाय सुचवतं. नको असलेल्या उपायावर अंगठा खाली करायचीही सोय त्यात आहे. इथे उत्तर देणाऱ्याला उत्तराचा मोबदला तिथल्या तिथे मिळतो, त्याच्यासाठी काहीतरी बदलतं. कंपनीच्या पानावर आकडा वाढवण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि माझ्या पुढच्या दहा मिनिटांसाठी विचारलेला प्रश्न, यांतला फरक थकलेल्या माणसालाही लगेच कळतो.

शब्दांबद्दलही बोलायला हवं. एखादं ॲप मराठीत येतं तेव्हा बहुतेक वेळा ते मराठीत विचार करून आलेलं नसतं. 'तुमच्या भावनांना मान्यता द्या', 'स्वतःप्रती दयाळू व्हा', 'आनंदाचा अभाव जाणवतो का?' हे वाचताना व्याकरण कुठे चुकत नाही, पण मनाला काही भिडतही नाही. ज्याला त्रास होतो आहे तो म्हणतो, कशात मन लागत नाही. जीव घाबरा होतो. अंगातलं त्राण गेल्यासारखं झालंय. उगाचच डोळे भरून येतात. डोक्यात तेच तेच फिरत राहतं. असे शब्द ॲपमध्ये यायला हवे असतील तर ते वापरणाऱ्यांकडूनच घ्यावे लागतील, आणि स्टारमधून ते कधीच येणार नाहीत. त्यासाठी मोकळी जागा हवी, लिहिता येत नसेल त्याला बोलून सांगता यायला हवं, आणि ते सगळं वाचणारा-ऐकणारा माणूस हवा. इथे एक सावधगिरीही आहे. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ सारख्या प्रश्नावल्या ठरावीक शब्दांत तपासून घेतलेल्या असतात. कुणाला एखादा शब्द रुचला नाही म्हणून तो परस्पर बदलला तर आलेल्या आकड्याचा भरवसा राहत नाही. तिथे प्रश्न तसाच ठेवून त्याच्या आधीचं आणि नंतरचं बोलणं आपल्या भाषेत आणावं.

याच पीएचक्यू-९ मध्ये नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज शून्य ते सत्तावीस. बेरीज सहा आली की ॲप 'सौम्य लक्षणं' असं सांगून पुढे जाऊ शकतं. पण त्या सहांतले दोन गुण नवव्या प्रश्नाचे असतील तर? बेरजेत ते दिसत नाही. सरासरीचा दोष हाच असतो, मग ती लक्षणांची असो की रेटिंगची. ज्याची सर्वांत जास्त काळजी घ्यायची तोच तिच्यात हरवतो.

आता जी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते तिच्याकडे येते. अभिप्रायाच्या मोकळ्या जागेत लोक अभिप्राय लिहीत नाहीत, मन मोकळं करतात. 'तुम्हाला काही सांगायचं आहे का?' असं विचारणारी ती कदाचित दिवसभरातली एकमेव जागा असते. मी स्वतः एकदा तिथे लिहिलं होतं की अमुक ध्यानाच्या वेळी डोळे मिटले की मला जास्त भीती वाटते आणि नंतर तासभर हात थरथरतात. दोन सेकंदांत उत्तर आलं, 'अभिप्रायाबद्दल धन्यवाद! आमची टीम पाच कामकाजाच्या दिवसांत आपल्याशी संपर्क साधेल.' कुणी संपर्क साधला नाही, तेही एक वेळ सोडून देऊ. पण माझ्या जागी त्या रात्री आणखी खोल गर्तेत असलेला कुणी असता तर? त्यालाही तेच उद्गारचिन्ह गेलं असतं. म्हणून अशा ॲपमधली अभिप्रायाची जागा ही मदतीचीच एक खिडकी आहे असं धरून ती बांधायला हवी. तिथे लिहिलेलं रोज कुणीतरी माणूस वाचेल की नाही, हे आधी स्पष्ट लिहिलेलं हवं. वाचणार नसेल तर तसं लिहावं, आणि तातडीची मदत कुठे मिळेल ते त्याच स्क्रीनवर, शोधावं न लागता दिसावं. हे करायची तयारी नसेल तर ती मोकळी जागा ठेवूच नये.

आणि कुणी 'मला यामुळे त्रास झाला' असं सांगितलं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेच्या 'टेसा' नावाच्या चॅटबॉटचं काय झालं ते आठवण्यासारखं आहे. खाण्याशी संबंधित विकार असलेल्यांना आधार देण्यासाठी तो होता. स्वतः त्या विकारातून गेलेल्या एका स्त्रीने तो वापरून पाहिला, तर तो तिला वजन कमी करण्याचे आणि कॅलरी मोजण्याचे सल्ले देऊ लागला. या आजारात असा सल्ला म्हणजे आगीत तेल. तिने हे जाहीरपणे मांडलं तेव्हा आधी तिच्यावर अविश्वास दाखवला गेला. स्क्रीनशॉट पुढे आल्यावर काही तासांत-दिवसांत चॅटबॉट बंद करावा लागला. त्याची मूळ आवृत्ती ठरवून दिलेली उत्तरंच देणारी होती आणि तिच्यावर आधी संशोधनही झालं होतं. म्हणजे तपासणी झालेली गोष्टसुद्धा पुढे बदलली की बिघडू शकते, आणि ते पहिल्यांदा कळतं एका माणसाला, त्याच्या खोलीत, त्याच्या फोनवर. हजार जणांच्या चांगल्या रेटिंगने त्या एका तक्रारीचं वजन कमी होत नाही.

त्याही आधी, २०१४ मध्ये, आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या संस्थेने 'रडार' नावाची सोय ट्विटरसाठी काढली होती. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांच्या लिहिण्यात निराशेचे काही ठरावीक शब्दप्रयोग आले की तुम्हाला ईमेल येणार. हेतू चांगलाच होता. पण ज्यांचं लिहिणं असं तपासलं जात होतं त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मानसिक आजारातून जाणारे लोकच पुढे आले आणि म्हणाले, आमच्यावर पाळत ठेवणारा, आम्हाला छळणारा माणूसही हीच सोय वापरून आमची सर्वांत कमकुवत वेळ हेरू शकेल. दहा दिवसांच्या आत ती सोय थांबवावी लागली. या लोकांना आधी विचारलं असतं तर हे एका दुपारच्या बैठकीत कळलं असतं. 'आमच्याविषयी जे काही ठरेल ते आमच्याशिवाय नको' ही अपंगांच्या चळवळीची जुनी मागणी आहे, आणि ॲपच्या जगाला ती अजून शिकायची आहे. शेवटी मत मागण्यापेक्षा आराखडा कागदावर असतानाच अशा लोकांना सोबत बसवावं, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत. डिझायनरला पैसे मिळतात, तज्ज्ञाला मिळतात. ज्याने दुखणं सोसून हे ज्ञान मिळवलं त्याच्याकडून मात्र ते फुकट मागितलं जातं. मला यात अन्याय दिसतो.

ऐकण्याच्या नावाखाली हेरगिरी सुरू होऊ नये, हेही इतकंच महत्त्वाचं. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरे कंपन्यांना दिली, असा ठपका ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. त्या माहितीत सुरुवातीच्या प्रश्नावलीची उत्तरंही होती. म्हणजे 'तुम्हाला चांगली मदत मिळावी म्हणून' विचारलेले प्रश्न. असं एकदा घडलं की त्यानंतर प्रामाणिकपणे विचारणाऱ्या ॲपलाही लोक खरं सांगत नाहीत. म्हणून अभिप्राय माझ्या नावाशी आणि मूडच्या नोंदींशी जोडला जाणार का, किती दिवस ठेवला जाणार, मला तो पुसता येईल का, हे त्या चौकोनातच दोन ओळींत लिहावं. गोपनीयता धोरणाच्या चाळीस परिच्छेदांत ते कुणी वाचत नाही, आणि वाचू शकेल अशा अवस्थेतही नसतं.

या सगळ्याला माणसं आणि पैसा लागतो, आणि अशी बरीच ॲप लहान गट चालवतात, याची मला जाणीव आहे. पण मी मागते आहे त्यांतलं बरंचसं काही नवं उभारण्याचं नाही, काही काढून टाकण्याचं आहे. रात्रीच्या वेळी रेटिंग मागू नका. व्यायाम संपल्या संपल्या मागू नका. स्ट्रीक नको असेल त्याला ती बंद करता येऊ द्या. प्रत्येक व्यायामावर 'आज हे नको' असं एक बटण ठेवा आणि ते दाबणाऱ्याला कारण विचारू नका. किती वेळा दाबलं गेलं एवढं मोजलं तरी खूप कळेल. ॲप काढून टाकताना एकच प्रश्न विचारा, ज्याला टाळताही येईल असा, 'बरं वाटलं म्हणून जात आहात, की उपयोग झाला नाही म्हणून?' आणि उत्तर कोणतंही असलं तरी पुढचं वाक्य त्या माणसाची चूक नाही असं सांगणारं असू द्या. महिन्यातून चार-पाच जणांशी, जे सोडून गेले आणि बोलायला तयार आहेत अशांशी, तासभर निवांत बोला. जाहिरातीवर जातो त्यापेक्षा यावर कमीच पैसा जाईल.

आणि जे ऐकलं त्याचं काय केलं ते सांगा. न केलेलंही सांगा. 'हे अनेकांनी मागितलं, पण या कारणाने आम्ही केलं नाही' असं वाचायला मिळालं तर मला राग येणार नाही, उलट समोर कुणीतरी आहे असं वाटेल. उदासीच्या दिवसांत माणसाचा सर्वांत पक्का समज असतो तो हा, की आपण बोललो काय आणि न बोललो काय, कुठे काही हलत नाही. कुणाच्या सांगण्यावरून ॲपमधलं एक बटण जरी खरोखर बदललं, आणि ते त्याला कळवलं गेलं, तर त्या समजाला छेद देणारा एक खरा पुरावा त्याच्या हातात येतो. विचारांच्या नोंदीत पुरावा लिहायचा जो रकाना असतो, त्यात लिहिता येईल असा.

ज्या ॲपमधली ज्योत करडी झाली होती ते मी दीड वर्षाने पुन्हा घेतलं. घेण्याआधी त्यांना एक पत्र लिहिलं होतं, ते चार दिवस कसे होते आणि शून्य पाहून काय वाटलं, सगळं. उत्तर एका माणसाने लिहिलं होतं, हे पहिल्या ओळीतच कळलं, कारण त्यात मी लिहिलेल्या चार दिवसांचा उल्लेख होता. असं लिहिणारी मी एकटी नव्हते, असंही त्यात होतं. आता तिथे ज्योत नाही. मधे दिवस गेले तर ॲप उघडल्यावर 'या, बरं झालं आलात' एवढंच येतं, आणि गेलेल्या दिवसांबद्दल काही लिहायचं असेल तर खाली एक कोरी ओळ असते. मी त्या ओळीत दोनदा लिहिलं आहे.

रेटिंगचा चौकोन मात्र अजून रात्रीच येतो. त्याबद्दल गेल्या आठवड्यात मी त्यांना दुसरं पत्र पाठवलं आहे.